राजहंसगडावरची कोजागिरी आणि दोष लागलेला मित्र

शहापूरकर

आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडावर रात्री पाय मोडून पडलो होतो, तेव्हा मला खाली आणणाऱ्या मित्राबद्दल लिहायचं आहे. गोष्ट जुनी, बटणांच्या फोनच्या काळातली. आज लिहायला बसलो त्याचं कारण मात्र ताजं आहे. मागच्या आठवड्यात माझा भाचा जांबोटी रस्त्यावर रात्री गाडीवरून घसरला. मागं बसलेल्या त्याच्या मित्रानं एक जीप थांबवली, त्याला दवाखान्यात आणलं आणि रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहिला. सकाळी आमची माणसं जमली आणि त्या पोराच्या तोंडावरच बोलणं सुरू झालं, "ह्याच्या नादानंच गेला असणार." त्याच्या शर्टावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. ते धुवायलासुद्धा तो घरी गेला नव्हता. मला तिथं उभं राहवेना.

आम्ही दोघं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी शहापुरातला, घरून ये-जा करणारा. तो गोकाक तालुक्यातल्या खेड्यातला, कन्नड घरचा, वसतिगृहात राहणारा. मराठी तो आमच्या गल्लीत गणपतीच्या मंडपात बसून शिकला. माझं जे काही कन्नड आहे ते त्याच्यामुळं. कोजागिरीला गडावर जायचं हे माझ्या डोक्यातून निघालं. गाडी माझ्या वडिलांची, किल्ली मीच घेतली. त्याला गाडी चालवता येत नव्हती, हे पुढं महत्त्वाचं आहे.

वडगाव मागं टाकून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना भातच भात. त्या दिवसांत आपला बासमती निसवलेला असतो, आणि रात्री त्याचा वास असा येतो की गाडी आपोआप हळू होते. चांदणं लख्ख. रस्ता जाईल तिथवर गाडी नेली, तिथून वर चालत. तेव्हा गडावर महाराजांचा पुतळा नव्हता, तो २०२३ साली उभा राहिला. वर सिद्धेश्वराचं देऊळ, काळ्या दगडाचा तट आणि खाली पसरलेलं बेळगावचं दिव्यांचं शहर, एवढंच. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही थर्मासमधलं दूध प्यालो. तो त्याच्या गावची गाणी म्हणत होता. मी आजवर बघितलेल्या रात्रींतली ती सगळ्यात सुंदर रात्र होती, आणि पुढचं सगळं घडूनही ते माझं मत बदललेलं नाही.

परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वीच येऊन गेलेला. तटावर चढायच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. उतरताना माझा पाय सुटला आणि मी आतल्या बाजूला दगडांवर आदळलो. उजव्या पायाची नडगी मोडली, हाड कातडी फोडून बाहेर आलं. एकच फोन होता, माझ्या खिशात, तो फुटला. त्याचा वसतिगृहात चार्जिंगला.

त्यानं मला उचलायचा प्रयत्न केला नाही. आधी स्वतःचा धुतलेला बनियन काढून... म्हणजे पिशवीत होता तो, तो जखमेवर ठेवला. दोन काठ्या शोधून आणल्या, पायाच्या दोन्ही बाजूंनी लावल्या आणि मफलरनं आणि माझ्या पट्ट्यानं बांधल्या. मी पाणी मागत होतो, त्यानं दिलं नाही, नुसते ओठ ओले केले. मग म्हणाला, "तू हालू नको. झोपू पण नको. मी माणसं आणतो." आणि पळाला. वाटेत गाडी उभी होती, किल्ली माझ्या खिशात, आणि असती तरी काय उपयोग. घाटरस्त्यानं तो खालच्या गावापर्यंत पळत गेला.

खाली काय झालं ते मला नंतर गावकऱ्यांकडून कळलं. कुत्री मागं लागली. दोन-तीन दारं वाजवली, कुणी उघडलं नाही. अपरात्री, अंगात नुसता शर्ट, हाताला रक्त, कोण उघडणार? मग त्याला टाळांचा आवाज आला. कोजागिरीपासून गावागावांत काकड आरती सुरू होते, त्यामुळं देवळात माणसं जागी होती. हा धापा टाकत आत शिरला. "कोण गा तू? कुठनं आलास?" एवढ्या एका प्रश्नानं त्याचं सगळं मराठी गेलं. "दोस्त... वर... कालु मुरिदैत्री, कालु मुरिदैत्री," एवढंच म्हणत राहिला. पखवाजावर बसलेल्या म्हाताऱ्याला कन्नड येत होतं. तो उठला आणि म्हणाला, "पोराचा पाय मोडलाय गडावर, चला."

घोंगडं आणि दोन वासे घेऊन सातआठ जण वर आले. मला डोलीत घातलं, खाली आणलं. बाजाराला माळवं घेऊन जाणारा टेम्पो भरून तयार होता. त्यातली कोबीची पोती उतरवली आणि मला निजवलं. पहिल्या दवाखान्यात दारातच विचारलं, पोलीस केस आहे काय, पैसे कोण भरणार, सही कोण करणार. तिथून हलवावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी त्यानं कागदावर सही केली आणि नात्याच्या जागी 'भाऊ' लिहिलं.

सकाळी माझ्या घरचे आले. आधी पोलिसानं त्याला विचारलं, "ढकललास काय?" मग माझ्या काकांनी विचारलं तेच, वेगळ्या शब्दांत. कुठला कोण, कुणाचा मुलगा, ह्याच्या नादाला लागून आमचा पोरगा वाया गेला. मी सांगितलं की मीच त्याला नेलं. सगळ्यांना वाटलं मित्राला वाचवायला बोलतोय. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील गावाहून आले, हातात करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या मिठाईचा, पुडा. वॉर्डाच्या दारात उभे राहिले. काकांनी आत येऊ दिलं नाही. तो माणूस माफी मागायला आला होता, आणि मी खाटेवरून बघत होतो.

काकांनी कॉलेजात तक्रार केली. रात्री वसतिगृहाबाहेर राहिल्याबद्दल त्याला वसतिगृहातून काढलं. शहरात खोली घेऊन राहायची ऐपत नव्हती. माझं प्लास्टर निघून मी कॉलेजात गेलो तेव्हा तो गावी निघून गेला होता. पुढं त्यानं बाहेरून पदवी पूर्ण केली, आज तो शाळेत शिक्षक आहे. आमचं फोनवर बोलणं होतं. पण आमच्या घरी तो त्यानंतर कधी आलेला नाही.

मला एवढंच मांडायचं आहे: रात्री काही वाईट घडलं की जो सोबत राहिला, जो धावला, त्यालाच आपण पकडतो. कारण तोच समोर असतो. तुमच्याकडं असं घडलंय काय? आणि घरातल्या मोठ्यांना हे कसं सांगावं?

---

अस्थिरोगी

पेशानं हाडांचा डॉक्टर आहे, सीमेपलीकडं चंदगड भागात काम केलंय. तुमच्या मित्रानं जे केलं ते नीट लिहून ठेवायला हवं, कारण बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

नडगीचं हाड पुढच्या बाजूनं कातडीच्या अगदी खाली असतं, म्हणून ते मोडलं की बाहेर यायला वेळ लागत नाही. अशा वेळी ओढून सरळ करणं, हाड आत ढकलणं, खांद्यावर टाकून पळणं, हळद नाहीतर तंबाखू भरणं, ह्यातलं काहीही झालं असतं तर आज तुम्ही कसे चालला असता सांगता येत नाही. त्यानं जखम झाकली, पाय आहे त्या स्थितीत बांधला, हलवलं नाही. पाणी दिलं नाही हे तर फारच चांगलं, कारण लगेच भूल देऊन ऑपरेशन करावं लागतं आणि तेव्हा पोट रिकामं असलेलं बरं. उघड्या जखमेत जंतुसंसर्गाची भीती मोठी असते, म्हणून प्रतिजैविकं जितकी लवकर मिळतील तितकं बरं.

एकच भर घालतो. बांधल्यावर बोटं गार किंवा निळी पडतायत काय, मुंग्या येतायत काय, हे बघत राहायचं. तसं वाटलं तर बांधलेलं सैल करायचं. आणि काठ्या गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली जातील एवढ्या लांब हव्यात.

एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं, रात्री, एकट्यानं हे केलं. त्याला माझा नमस्कार कळवा.

---

लोंढा जंक्शन

आमचं कॅसलरॉकचं सांगतो. पाच जण रेल्वे रुळांवरून दूधसागरकडं चालत निघालो होतो, रात्रीच्या गाडीनं उतरून, उजाडताना धबधबा बघायचा म्हणून. बोगद्याच्या अलीकडं एकाचा घोटा खडीत मुरगळला. दोघं घाबरून परत स्टेशनकडं गेले ते गेलेच. एकटा मी त्याच्याजवळ थांबलो. रेल्वेच्या गँगमननी आम्हाला दोघांना उचलून आणलं. दंड झाला तो आम्हा दोघांना. पळालेल्या तिघांची नावं कुठंच आली नाहीत.

दोघं पळाले म्हणालो, तिसरा आधीच पुढं निघून गेला होता.

आता तर तिथं फार कडक आहे. रुळांवरून चालणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो. २०२३ च्या जुलैमध्ये शेकडो पोरांना अडवलं, उठाबशा काढायला लावल्या, सगळीकडं त्याचे व्हिडिओ फिरले. नियम हवाच, त्या बोगद्यांत गाडी आली तर अंग चोरायलाही जागा पुरत नाही. पण शहापूरकर म्हणतात ते मी भोगलंय. माझ्या आईला त्या मित्राच्या घरच्यांनी आजतागायत माफ केलेलं नाही. आईनं काय केलं होतं?

---

टिळकवाडीची मावशी

सगळ्यांनी एका बाजूनं लिहिलंय म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझा मुलगा बाहेर असतो आणि रात्री अकरानंतर फोन वाजला की माझ्या हातापायातलं बळ जातं. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ आमचं घर. रात्री पोरांच्या गाड्या सुसाट जातात, प्रत्येक गाडीला मी आतून मोजत असते. अशा आईला पहाटे कुणी सांगितलं की तुमच्या मुलाचं हाड बाहेर आलंय, तर तिच्या डोक्यात आधी राग येतो. तो राग आपल्या मुलावर काढता येत नाही, तो खाटेवर विव्हळत असतो. देवावर काढायची सवय नाही. मग शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या मुलावर निघतो.

चूक आहे, मान्य. पण तुमच्या काकांना नुसते वाईट ठरवू नका. त्या माणसानं त्या दिवशी पैसे कुठून उभे केले असतील, तुमच्या आईला कसं सांभाळलं असेल, तेही बघा.

---

शहापूरकर

मावशी, काकांना मी वाईट म्हणत नाही. ऑपरेशनसाठी त्यांनीच धाकट्या मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे मोडले, आणि परत कधी त्याचा उच्चार केला नाही. मी त्यांच्या पायाशी बसून वाढलोय. म्हणूनच हे इतकं रुतून बसलंय. वाईट माणसानं केलं असतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. काका आता नाहीत.

राग एक दिवसाचा असता तर मीही समजलो असतो. पण कॉलेजात तक्रार दिली ती चार दिवसांनी, शांत डोक्यानं, टंकलिखित करून. राग ओसरल्यावर कुणीतरी "त्या पोरानं दार वाजवलं नसतं तर?" असं विचारायला हवं होतं. ते कुणी विचारलं नाही.

अस्थिरोगी डॉक्टर, तुमचं लिहिलेलं मी त्याला जसंच्या तसं पाठवलं. त्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं की हे सगळं त्याला शाळेतल्या स्काउटच्या शिबिरात शिकवलं होतं, आणि आता तो स्वतः त्याच्या शाळेत पोरांना शिकवतो.

---

कोर्ट कंपाऊंड

वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिल्या दवाखान्यात जे झालं ते तेव्हाही बेकायदाच होतं. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलं आहे की जीव वाचवण्यासाठी उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खाजगी, आणि पोलिसांची प्रक्रिया त्याच्या आड येता कामा नये. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम, ते उपचार सुरू करूनही करता येतं.

दुसरी गोष्ट तुमच्या भाच्याच्या मित्राच्या उपयोगाची. अपघातात सापडलेल्याला जो स्वतःहून, चांगल्या हेतूनं मदत करतो, त्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ खाली संरक्षण दिलं आहे. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. कर्नाटकानं तर त्याआधीच, २०१६ मध्ये, असा स्वतंत्र कायदा विधिमंडळात संमत केला होता. पुढं राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू झाला.

पण कायदा पोलिसापासून वाचवतो. तुमच्या काकांपासून वाचवणारं कलम नाही, आणि खरा त्रास तिथंच होतो.

---

माजी रेक्टर

वसतिगृहाचा रेक्टर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, बेळगावातच. शहापूरकर, तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटलं, पण वसतिगृहाच्या जागी मी असतो तर कारवाई मीही केली असती, आणि का ते सांगतो.

खेड्यातून आलेला बाप पोराला माझ्या हातात देऊन जातो. त्यातले कित्येक पहिल्यांदा शहरात आलेले असतात. "सर, आता तुम्हीच बघा" म्हणतात आणि शेवटच्या गाडीनं परत जातात. त्या पोराला काही झालं तर मी त्या बापाला काय उत्तर देऊ? त्या रात्री शेवाळावरून तुमच्या जागी तो घसरला असता तर? माझ्या हजेरीपटावर त्याची सही असती आणि पोरगा गडावर. आज एकाला सोडलं की पुढच्या शनिवारी दहा जण भिंतीवरून उड्या मारतात. हे मी बघितलेलं आहे.

काढून टाकणं ही मात्र टोकाची शिक्षा झाली. पालकांना बोलावणं, ताकीद देणं, महिनाभर बाहेर पडायची बंदी, एवढं पुरेसं होतं. आणि बाहेरच्या कुणाच्या तक्रारीवरून निर्णय घेणं मला पटत नाही.

---

खानापूरची लेक

रेक्टर सर, आमच्या मुलींच्या वसतिगृहाचं दार संध्याकाळी सातला बंद व्हायचं. त्या दारामुळं मी काय केलं ते सांगते.

माझ्या मैत्रिणीला रात्री पोटात भयंकर दुखायला लागलं. आम्ही दोघी एका दुसऱ्या मैत्रिणीच्या खोलीवर गेलो होतो, वडगावात, न सांगता. तिच्या वाढदिवसाला. रात्रभर ती कळवळत होती आणि आम्ही तिघी हळू आवाजात भांडत होतो की कुणाला फोन करायचा. रेक्टर मॅडमना केला तर घरी कळणार. घरी कळलं तर शिक्षण बंद, सरळ लग्न. आमच्या गावात हे नक्की होतं. सकाळी ती जवळजवळ बेशुद्ध झाली तेव्हा घरमालकिणीच्या पाया पडलो. अपेंडिक्स फुटलं होतं. वाचली. कॉलेज मात्र सुटलं, आणि माझंही एक वर्ष घरी गेलं.

त्या रात्री आम्हाला अंधाराची भीती नव्हती, दुखण्याचीही नव्हती. आमच्याच माणसांची होती. तुमच्या मित्रानं मदत मागायला एक मिनिट घालवलं नाही, शहापूरकर दादा. आम्ही सहा तास घालवले. कारण पुढं काय होईल हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. त्याचं जे झालं ते त्या वसतिगृहातल्या बाकीच्या पोरांनी बघितलं असेल ना? मग पुढच्या खेपेला कुणी धावलं असेल काय?

सर, नियम ठेवा. पण "बाहेर असाल आणि अडचणीत असाल तर मला फोन करा, त्या रात्री मी काही विचारणार नाही" एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगा. आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं.

---

माजी रेक्टर

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी असं कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं काय? दार बंद असावं ह्या मतावर मी अजून आहे. पण फोन उचलणारा माणूस आणि शिक्षा देणारा माणूस वेगळे असू शकतात, हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि व्यवस्थेतही तशी सोय नव्हती. आमच्या संस्थेत आज जे रेक्टर आहेत त्यांना हा धागा पाठवतोय.

---

घटप्रभा

नमस्कार. मी गोकाकचा, कन्नड घरचा, मराठी वाचतो आणि जमेल तसं लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही एक गोष्ट हळूच लिहिली आणि पुढं गेलात, ती मी थांबून वाचली. "कुठला कोण." पोरगा तुमच्याच गल्लीतला, तुमच्याच जातीभाषेतला असता तर काकांनी त्याच्या वडिलांना आत घेतलं असतं. मी भांडायला लिहीत नाही. आमच्याकडंही असंच आहे. माझ्या बहिणीच्या मुलाचा धारवाडला अपघात झाला तेव्हा सोबत निपाणीचा मराठी मित्र होता, आणि आमच्या घरात हेच बोलणं झालं, भाषा तेवढी कन्नड. मी तेव्हा गप्प बसलो नाही, पण ऐकलं कुणी नाही.

ज्यांनी काकड आरती सोडून घोंगडं उचललं त्यांनी भाषा विचारली नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. त्या म्हाताऱ्याला कन्नड कुठून येत होतं?

---

शहापूरकर

घटप्रभा अण्णा, तुमचं मराठी उत्तम आहे. आणि हो, मी हळूच लिहिलं. घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल ते लिहायला हात धजत नव्हता. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

पखवाजवाले आजोबा तरुणपणी गोकाकच्या गिरणीत कामाला होते. मी बरा झाल्यावर त्यांना भेटायला गेलो होतो, तेव्हा कळलं. धबधब्याशेजारच्या त्या गिरणीत आमच्या भागातली कितीतरी माणसं पूर्वी पोटासाठी गेली. तिथं त्यांना कन्नड शेजाऱ्यांनी सांभाळलं होतं, असं ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं मित्राचीच चौकशी केली, "तो गोकाकचा पोरगा कुठं हाय?" मी सांगितलं की त्याला काढलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आमी आणलाव कशाला गा तुला खाली?" मला ते फार लागलं. बरोबरच होतं त्यांचं.

---

लोंढा जंक्शन

भाच्याच्या मित्राचं काय झालं? तो पोरगा अजून येतो काय दवाखान्यात?

---

शहापूरकर

सांगतो. काल ताई आणि भावजींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ताईला राजहंसगडाचं अर्धंच माहीत होतं, ती तेव्हा सासरी होती. करदंटाच्या पुड्याचं तिला आईनंही कधी सांगितलं नव्हतं. भावजी पहिल्यांदा चिडले, म्हणाले की तुम्ही पोरांचीच बाजू घेता. मी म्हटलं, पोरानं चूक केली असेल तर भाच्याला बोला, गाडी तो चालवत होता. दुसऱ्याच्या मुलाला बोलायचा आपल्याला काय अधिकार? खानापूरच्या ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. भावजींना दोन मुली आहेत. त्यानंतर ते वाद घालेनात.

आज सकाळी भावजी स्वतः त्या पोराच्या घरी गेले, अनगोळला. काय बोलले मला माहीत नाही. संध्याकाळी पोरगा दवाखान्यात आला होता, भाच्याच्या खाटेवर बसून दोघं मोबाइलवर काहीतरी बघत होते.

आता दुसरं. आई शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत होती. तिचं वय झालंय, ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. रात्री मला हाक मारली आणि विचारलं, "त्या पोराचे वडील आहेत काय रे अजून?" आहेत. थकलेत, पण आहेत. "मला घेऊन जा," म्हणाली.

मी मित्राला फोन केला. तो आधी नको म्हणाला, आईला एवढा प्रवास कशाला, जुनं झालं सगळं. मी म्हटलं, तुला भेटायला नाही, तुझ्या वडिलांना भेटायला येतेय. मग गप्प झाला आणि म्हणाला, रविवारी शाळा नसते, या.

घटप्रभा अण्णा, अंकलगीवरून येणारा रस्ता सध्या कसा आहे? आईच्या कमरेला धक्के सोसत नाहीत.

---

घटप्रभा

सुळेभावी, अंकलगी करून या, तोच जवळचा. मध्ये काही ठिकाणी खराब आहे, सावकाश चालवा. कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी या, नंतर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत दोन-दोन तास जातात. सकाळी लवकर निघा म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल.

आणि येताना बेळगावचा कुंदा आणा. करदंट इथं आहेच.

---

टिळकवाडीची मावशी

शहापूरकर, आईंना माझा नमस्कार सांगा. गाडीत पाठीशी उशी ठेवा, दर अर्ध्या तासानं उतरवून दोन पावलं चालवा.

---

शहापूरकर

होय मावशी. उशी ठेवतो. भाचा आणि त्याचा मित्र दोघंही यायचं म्हणतात, भाच्याच्या हाताला प्लास्टर आहे पण बसता येतं. अण्णा, तुम्हीही त्या दिवशी मोकळे असाल तर या की. दुपारी जेवायला तिथंच आहोत.